सहाव्या मजल्यावरचा तारांकित प्रश्न

आमच्या इमारतीची लिफ्ट मी इथे राहायला येण्याच्या कितीतरी आधी बसवून टाकली होती. कागदावर. मी तयार केलेल्या उत्तरात ती बसली आणि ते उत्तर विधानसभेत छापून वाटलंही गेलं. पुढे त्याच इमारतीत, सहाव्या मजल्यावर आम्हाला घर लागलं. सामान घेऊन नायगावला पोचलो तर लिफ्टच्या दाराला प्लास्टिक गुंडाळलेलं होतं आणि त्यावर कोणीतरी मार्करने 'चालू नाही' असं लिहून ठेवलं होतं. नवऱ्याने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि कुकरची पिशवी उचलून जिना चढायला लागला.

सगळी नोकरी मी एका सरकारी कचेरीत काढली. घरांच्या योजना बघणारं खातं, आणि त्यात माझं टेबल आमदारांच्या प्रश्नांचं. अधिवेशन जवळ आलं की प्रश्नांचे गठ्ठे येत. त्यांची घडण ठरलेली. अमुक ठिकाणची घरे रखडली आहेत, हे खरे आहे काय. असल्यास, चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आमची उत्तरंही ठरलेली. पहिल्या भागाला 'हे खरे नाही' म्हटलं की पुढच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही' एवढं लिहून मोकळं होता येतं. बाहेरच्याला हे ऐकून राग येईल, पण त्या टेबलावर बसलं की ती एक कला वाटायला लागते. मी त्या कलेत तरबेज होते आणि त्याची मला लाज वाटत नसे. घरीसुद्धा सवय सुटली नव्हती. नवऱ्याने विचारलं, "डाळ करपली का गं?" की माझं उत्तर तयार असे, "हे अंशतः खरे आहे."

नायगावच्या या इमारतीवर प्रश्न आला तो एका अधिवेशनाच्या तोंडावर. इमारतीत लिफ्ट बसवलेल्या नाहीत, हे खरे आहे काय? मी इमारतीच्या इंजिनियरला फोन लावला. "लिफ्ट बसल्या का हो?" पलीकडून काहीतरी ठोकल्याचा आवाज आणि मग उत्तर, "बसल्या समजा." मी लिहिलं, 'हे खरे नाही. उद्वाहने बसविण्यात आली आहेत.' सरकारी कागदात लिफ्ट नसते, उद्वाहन असतं. आणि सरकारी कागदात 'समजा' नसतं, म्हणून ते मी गाळलं. साहेबांची सही झाली, कागद पुढे गेला, मी डबा खायला गेले.

त्यानंतर वर्षभरात त्या योजनेतल्या घरांची सोडत निघाली. आम्ही तोवर भाड्याच्या घरात होतो, माझी निवृत्ती दिसत होती. नवऱ्याने विचारलं, "इमारत पुरी झालीय का पण?" मी ठासून सांगितलं, "लिफ्टसकट. उत्तर मीच दिलंय." दुसऱ्यांना गप्प बसवायला लिहिलेल्या वाक्यावर स्वतःच विश्वास ठेवून अर्ज भरायचा, हा गाढवपणा आमच्या टेबलावरचा माणूसच करू जाणे. आणि नशीब असं, की घर लागलं.

सहा मजले चढून-उतरून आम्ही दोघं बारीक झालो, एवढाच त्यातला फायदा. पण शेजारच्या काकांचं तसं नव्हतं. काका मूळचे भुईगावचे, वाडीवाले. पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानवेल, मोगरा. गावातल्या घरात धाकट्या भावाचा मोठा संसार, म्हणून मुलाला लागलेल्या या फ्लॅटमध्ये काका-काकू राहायला आले. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा दिसायचा. काका मात्र रोज सकाळी स्कूटर काढून भुईगावला वाडीत जात आणि दुपारी पुढच्या टोपलीत काहीतरी हिरवं घेऊन परत येत. मग त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की चालायचं, पण जिना अजिबात नाही. तो दसरा होता. तेव्हापासून काका खाली उतरले नव्हते. स्कूटर खाली ताडपत्रीखाली उभी होती आणि काका वर गॅलरीत उभे होते.

कुरकुर करणारा माणूस नव्हे. संध्याकाळी आमच्याकडे यायचे, चहा घ्यायचे आणि राजेळी केळींबद्दल बोलायचे. राजेळी म्हणजे ज्यांची सुकेळी करतात ती जात. सोलून उन्हात वाळवायची, मग केळीच्याच सुक्या सोपटात बांधून ठेवायची. हल्ली फारसं कोणी लावत नाही. काकांनी ऑपरेशनच्या आधीच्या पावसाळ्यात मोठ्या हौसेने तिचे पाच मुनवे, म्हणजे मुळाशी फुटणारे कोंब, लावले होते आणि त्यातला एकच जगला होता. "तो फळाला आला की मी स्वतः जाऊन लोंगर काढणार," ते सांगायचे. लोंगर म्हणजे केळीचा घड. भाऊ फोनवर रोज त्या एका झाडाची हालहवाल सांगे. काकू चिडवत, "मुलाचा फोन आला नाही तरी चालेल, केळीचा यायला पायजे." मग दोघं आपल्या घरच्या बोलीत काहीतरी बोलून हसायचे. मला त्यातलं निम्मंच कळे, पण मीही हसायची.

एका संध्याकाळी माझ्याच्याने राहवलं नाही. मी काकांना 'समजा'ची सगळी हकिकत सांगून टाकली. काकांनी ऐकून घेतलं आणि मग इतके हसले, की काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"म्हणजे ताई, मला वर तुम्हीच ठेवलंय होय?"

"हे अंशतः खरे आहे," मी म्हटलं.

"मग उतरवायची जबाबदारी पण तुमची."

ते हसत होते, मी नव्हते. त्या रात्रीपासून काकांना खाली उतरवणं हे माझ्या डोक्यात बसलं.

आमच्या रहिवासी समितीने पावसाळी अधिवेशनासाठी एक प्रश्न आमदारांकडे आधीच दिला होता. तो मी नंतर वाचला आणि कपाळाला हात लावला. त्यात संताप होता, झोपलेलं शासन होतं, गोरगरिबांचे तळतळाट होते, पाणी, गळती, पार्किंग, लिफ्ट सगळं होतं. असे प्रश्न आले की आम्ही टेबलावर खूश व्हायचो. दहा गोष्टी विचारल्या की त्यातल्या तीन नक्की चुकीच्या निघतात आणि 'अंशतः'च्या छत्रीखाली उरलेल्या सातही लपतात. झालंही तसंच. उत्तर आलं, 'हे अंशतः खरे आहे. तांत्रिक बाबींच्या पूर्ततेची कार्यवाही सुरू आहे.' समितीत ते मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा मी खाली मान घालून बसले. 'तांत्रिक बाबींच्या पूर्ततेची' हे शब्द मी घडवलेले होते.

हिवाळी अधिवेशनाचा प्रश्न मी लिहिला. आठवडाभर लिहीत होते. आमच्या खात्याची एक खोड मला ठाऊक होती. 'हे खरे आहे' असं लिहायची पाळी येणं म्हणजे तिथे मरण. त्यापेक्षा धावपळ करून, उत्तराच्या दिवसाआधी काम उरकून 'हे खरे नाही' लिहिलेलं परवडतं. तेव्हा प्रश्न असा हवा, की 'हे खरे नाही' लिहायचा एकच रस्ता उरावा आणि तो लिफ्टमधून जावा. शेवटी एवढंच लिहिलं:

'नायगाव येथील शासकीय गृहनिर्माण योजनेतील इमारतीच्या ए विंगमध्ये सहाव्या मजल्यावर राहणारे एक ज्येष्ठ नागरिक, उद्वाहन बंद असल्याने, गतवर्षीच्या दसऱ्यापासून इमारतीच्या खाली उतरू शकलेले नाहीत, हे खरे आहे काय. असल्यास, ते कोणत्या दिवशी उतरतील?'

आमदारांच्या स्वीय सहायकाने ते दोनदा वाचलं. "मॅडम, एवढंच? एकाच माणसाचं?" मी म्हटलं, "एकाच माणसाचं. यात 'अंशतः' लिहून दाखवू दे कोणी." माणूस अर्धा उतरत नाही, हे त्यांनाही पटलं. प्रश्न गेला आणि आमच्या सुदैवाने स्वीकारलाही गेला.

दहा-बारा दिवसांनी दुपारी दारावरची बेल वाजली. दारात इंजिनियर, आणि त्याच्या मागे भिंतीला टेकून धापा टाकणारी एक बाई. तिला मी ओळखलं. माझ्या हाताखाली ती कामाला लागली तेव्हा तिला उत्तरं लिहायला मीच शिकवलं होतं. आता माझं टेबल तिच्याकडे होतं.

"मॅडम," तिने श्वास जुळवत म्हटलं, "प्रश्न वाचला तेव्हाच कळलं होतं, हा आतल्या माणसाचा आहे."

"फोनवर विचारायचं होतंस."

"विचारलं. साहेब म्हणाले, उतरतात समजा." तिने इंजिनियरकडे बघितलं. "म्हणून म्हटलं, स्वतः जाऊन बघते."

मला तिला मिठीच मारावीशी वाटली. मी तिला जे शिकवलं नव्हतं, ते ती आपली आपण शिकली होती. मी दोघांना शेजारी काकांकडे नेलं. काकूंनी कोकम सरबत दिलं. इंजिनियर सरबत संपवून पुन्हा पाणी मागत होता. काका खुर्चीत बसून त्याची विचारपूस करत होते, "सहा मजले आहेत हो, हळू प्या." तिने काकांना विचारलं, काका शेवटचे खाली कधी उतरले होते. काकांनी सांगितलं. तिने लिहून घेतलं आणि सह्या घेतल्या.

मग चक्रं फिरली. मेकॅनिक आले, तेल-पाणी झालं, तपासणी झाली, परवान्याचा कागद आला. दारावरचं प्लास्टिक निघालं आणि आमच्या विंगची लिफ्ट एका शुक्रवारी दुपारी चक्क वर आली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरा विनाकारण तीनदा खाली जाऊन वर आला. प्रश्न मंगळवारच्या यादीत होता. इंजिनियर हात जोडून काकांच्या दारात उभा राहिला, "काका, चला. खाली एक फोटो काढू, लगेच वर सोडतो."

काका म्हणाले, "बी विंगची कधी सुरू होणार?"

"होईल ना, तिची प्रोसेस चालू आहे."

"मग ती झाली की उतरतो."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण काका खुर्चीत मागे टेकून बसले ते हलेनात. बी विंगच्या पाचव्या मजल्यावर एक आजारी बाई राहतात. आठवड्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात न्यावं लागतं, आणि दोन्ही वेळा इमारतीतले चार जण त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवतात आणि चढवतात. त्यात माझा नवराही असतो. उतरताना त्या बाई सगळ्यांची माफी मागतात. हे मला माहीत होतं, आणि तरीही प्रश्नात मी फक्त ए विंग लिहिली होती, कारण प्रश्न जितका अरुंद तितका पक्का, हे माझं शास्त्र.

शनिवारी मी काकांना समजवायला गेले. नुकताच भुईगावहून भावाचा फोन आला होता. लोंगर तयार झालं होतं आणि वटवाघळं यायला लागली होती. वरच्या फण्यातली दोन केळी खाल्लेली होती. भाऊ म्हणत होता, मी काढतो. काकांनी त्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि फोन ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काका, चौदा महिने वाट पाहिलीत. उतरा हो. बी विंगचा मी पुढच्या अधिवेशनात टाकते."

"ताई, तुमच्या प्रश्नात मी आहे. मी खाली गेलो की प्रश्न मिटला. मग त्या बाईंनी मार्चपर्यंत खुर्चीतून जायचं?" ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही 'समजा' गाळलात, मी सहावर अडकलो. आता 'बी' गाळलीत."

मला राग आला, खरं सांगायचं तर. इतक्या कारागिरीने मी त्यांना उतरवायचा रस्ता केला आणि हा माणूस दारात हट्ट करून बसला होता. घरी येऊन मी नवऱ्यावर चिडचिड केली. तो शांतपणे म्हणाला, "खुर्ची धरायला मी असतो ना, म्हणून तुला ती जड वाटत नाही." मग मात्र माझी मलाच लाज वाटली.

रविवारी नागपुरातून फोन आला. माझ्या टेबलावरची ती जुनी सहकारी अधिवेशनासाठी तिकडे फायली घेऊन गेली होती.

"मॅडम, काय लिहू? 'उद्वाहन सुरू असूनही सदर ज्येष्ठ नागरिक खाली उतरण्यास तयार नाहीत' असं लिहिलं तर सभागृह हसेल. आणि लगेच उपप्रश्न येईल, का तयार नाहीत? मग बी विंग निघणार."

"निघणारच."

"तुम्ही त्यांना समजवा ना."

"मी समजवायला गेले होते," मी म्हटलं. "त्यांनीच मला समजावलं. तू आता एक कर. बी विंगच्या परवान्याचा कागद कुठल्या टेबलावर पडलाय ते शोध. लिफ्ट कधीची बसलेली आहे, फक्त तपासणी बाकी आहे. आणि फोनवर विचारू नकोस, माणूस पाठव."

ती हसली. "मॅडम, तुम्ही रिटायर झालात ते बरं झालं."

सोमवारी सकाळी दहाच्या आत तपासणीवाले हजर झाले. रविवारी नागपूरहून कोणाला कोणाचे फोन गेले ते मला माहीत नाही, विचारलंही नाही. दुपारी तीनला बी विंगची लिफ्ट सुरू झाली. पहिल्यांदा त्या बाई उतरल्या. त्या दिवशी दवाखान्याची पाळी नव्हती. नुसत्याच उतरल्या, अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "मी आपली सहज आलेय" असं सांगत राहिल्या. आज माफी कोणाचीच मागायची नव्हती.

काका गॅलरीतून बघत होते. मग आत गेले आणि पांढरा शर्ट घालून आले. काकूंनी चपला पुसून पुढे ठेवल्या. चौदा महिन्यांत त्या पायात गेल्या नव्हत्या. लिफ्टमध्ये आम्ही चौघं आणि इंजिनियर. खाली दार उघडलं आणि काका जमिनीवर उभे राहिले. इंजिनियरने फोटो काढला. काकांचं लक्ष फोटोत नव्हतंच, ते ताडपत्री बाजूला करून स्कूटरची हवा बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षाने भुईगावला गेलो. स्कूटर चालवायची परवानगी काकूंनी दिली नव्हती. वाडीत शिरल्यावर काका झपाझप चालायला लागले. मला वाटलं होतं, ते झाडाला हात लावून गहिवरतील. छे! वर बघून त्यांनी आधी वटवाघळांना मनसोक्त शिव्या दिल्या. वरचा सगळा फणा गेला होता, दुसरा अर्धा. मग भावाने झाड वाकवून धरलं आणि काकांनी कोयत्याच्या एका घावात लोंगर उतरवून घेतलं. ते पुन्हा पुन्हा मोजायला लागले आणि मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पुरतील. त्या बाईंना पण द्यायची आहेत."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नागपूरहून फोटो आला होता, छापील उत्तराचा. मी चष्मा लावला.

"वाचा की मोठ्याने," काका म्हणाले.

मी वाचलं, "'एक: हे खरे नाही. दोन: प्रश्न उद्भवत नाही.'"

आयुष्यभर मी हे वाक्य लिहीत आले होते. किती लोकांच्या किती घरांवर लिहिलं, आठवत नाही, आणि त्यातल्या कितीजणांना ते वाचून कसं वाटलं असेल याचा विचार एकदाही केला नव्हता. तिथे केळीच्या झाडांत उभी राहून ते वाचताना माझे डोळे भरून आले आणि हसूही यायला लागलं. काकू पदराने माझं तोंड पुसायला आल्या, त्यांना वाटलं उन्हाने होतंय.

काका लोंगराजवळ उकिडवे बसायला गेले, गुडघ्यांची आठवण झाली आणि तसेच उभे राहिले. चिखलाने भरलेला पाय त्यांनी जरा पुढे केला.

"खरे नाही ना, ताई?"

"नाही, काका."

"समजा नाही ना?"

"नाही हो," मी म्हटलं. "उतरलात."